चेहरा काचेला गेला

अप्पांच्या स्टुडिओतल्या काचा मी भंगारात घातल्या. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते मी हे वेळेवर सांगितलं नाही म्हणूनच झालं.

काचा म्हणजे निगेटिव्ह. अप्पा, म्हणजे माझे वडील, सोलापुरात फोटो काढायला लागले तेव्हा काचेवर फोटो उमटायचा. प्रत्येक काच कागदात गुंडाळून, कोपऱ्यात नंबर घालून, लाकडी खोक्यांत उभी लावलेली. माळा गच्च भरला होता. अप्पा गेले तोवर सगळं डिजिटल झालं होतं, मला झेरॉक्स आणि लॅमिनेशनच्या मशीनला जागा हवी होती, आणि माळ्याच्या फळ्या वाकायला लागल्या होत्या. जुने एक्सरे आणि निगेटिव्ह घेऊन जाणारा एक माणूस गावात फिरायचा. त्यातून चांदी काढतात. काचेवरचं सगळं धुऊन घेतात, तळाला राखेसारखा गाळ बसतो, त्यात चांदी. धुतलेली काच मग फ्रेमवाल्याकडे जाते. म्हणजे या शहरात कितीतरी देवांच्या तसबिरींवर आज जी काच आहे, तिच्यावर एके काळी कुणाचा तरी चेहरा होता. बहुतेक सगळ्या जुन्या स्टुडिओवाल्यांनी हेच केलं, मी काही जगावेगळं केलं नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं ऐकवत आले. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी वळला तेव्हा मी हात झटकले, खाली उतरले आणि चहा मागवला.

नंतर दहाएक वर्षांनी मला इतिहासाचा उमाळा आला. तोवर मोबाइलने धंदा खाल्लाच होता. पासपोर्ट फोटो, आधार कार्डाचं लॅमिनेशन, कधी साखरपुडा. कंटाळून गेले होते. आमच्या घरात कानडी, दुकानात मराठी, आणि फोटो काढून घ्यायला येणारी निम्मी माणसं तेलुगू, असं माझं लहानपण गेलं. ती तेलुगू माणसं तेलंगणातून विणकामासाठी आलेली. कुणी रेल्वेने आलं, कुणाची आजी मागाची फणी डोक्यावर घेऊन चालत आली म्हणतात. आमच्या शाळेत या शहराचा इतिहास किल्ल्यापाशी सुरू होऊन गिरण्यांच्या भोंग्यापाशी संपायचा, या माणसांचं त्यात नाव नव्हतं. म्हटलं, आपण यांचे फोटो काढू. या विणकरांच्या पूर्व भागात जाऊन, घरोघरी, म्हाताऱ्या माणसांचे. मागे पडदा म्हणून त्यांनीच विणलेली चादर, दोन नातेवाइकांनी दोन टोकांना धरलेली. पुढे प्रदर्शन भरवू. मोठा उत्साह होता मला. ज्या इतिहासाची मी चांदी करून टाकली होती, तोच नव्या कॅमेऱ्याने शोधायला निघाले होते, आणि यात काही चुकतंय असं मला एकदाही वाटलं नाही.

त्या गल्ल्यांत लूमचा खडखडाट सतत चालू असतो. माणसं ओरडून बोलतात आणि घरी जेवायला बसली तरी आवाज खाली येत नाही. मला आवडायचं ते. फोटो काढता काढता एक गोष्ट कळली, जी अप्पांनी मला कधी सांगितली नव्हती. गावाकडून आलेलं कुटुंब इथे जरा स्थिरावलं की आधी जाऊन फोटो काढायचं. दोन प्रती. एक इथल्या भिंतीला, एक गावाकडे, आम्ही सुखरूप आहोत हे दाखवायला. कोट स्टुडिओचा असायचा. तीन वेगवेगळ्या घरांत मी तीन वेगवेगळ्या आजोबांच्या अंगावर अप्पांचा तो एकच कोट पाहिला, खिशाची शिवण उसवलेली. पहिल्या दोन घरांत मला हसू आलं. तिसऱ्या घरात माळ्यावरची खोकी आठवली आणि मी पाणी मागितलं.

अक्का भेटल्या त्या अशाच फिरण्यात. सत्तरी ओलांडलेल्या, अंगाने किरकोळ, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या. मुलगा लूमवर, सून शेजारी बसून विड्याच वळत होती. मी कोण हे कळल्यावर अक्कांनी सूप खाली ठेवलं.

"त्या फोटोवाल्याची लेक का तू? मग माझं काम हाय तुझ्याकडं. लई दिवसांपासनं हाय."

त्यांनी ट्रंकेतून धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेला जाड पुठ्ठा काढला. त्यावर फोटो होता. बाई खुर्चीत बसलेली, नऊवारीसारखी पण जरा निराळ्या वळणाची साडी, मांडीवर दोनेक वर्षांची मुलगी. बाईचा हात मुलीच्या पोटावर घट्ट. आणि मानेच्या वर काही नाही. एक कान, कानातलं, थोडा केसांचा काळा भाग, मध्ये नुसता पांढरा खरबरीत कागद.

मुलगी म्हणजे अक्का. बाई त्यांची आई. या फोटोनंतर वर्षभरात ती बाळंतपणात गेली. अक्कांना तिचं काहीही आठवत नव्हतं. फोटो भिंतीवर होता तोवर त्या लहान, आणि मोठ्या व्हायच्या आत पत्र्यातून गळलेलं पाणी फ्रेममध्ये शिरलं. फोटो काचेला चिकटला. सावत्र आई सोडवायला गेली तर चेहरा काचेला गेला.

"तिचा काय दोष न्हाय," अक्का म्हणाल्या. "ती बी रडली बिचारी. म्हनली, तुझी अम्मा माज्यावर रागावली."

"गावाकडे दुसरी प्रत असेल ना?"

"गेलते की एकदा. आज्जीचं घरच ऱ्हायलं न्हाय. मातीचं घर, पडलं. कुनाला काय म्हाईत न्हाय." मग त्यांनी पुठ्ठा उलटा केला. मागे स्टुडिओचा शिक्का, आणि शाईने लिहिलेला नंबर, अप्पांच्या अक्षरात. "ह्यो नंबर. काच असंल की तुमच्याकडं. नायना, माजा बाप, सांगायचा, फोटोवाले काच टाकत न्हाईत, नंबर दाखवला की पुन्ना देत्यात."

अप्पा सगळ्यांना असंच सांगायचे. पुठ्ठा जपा, काच आमच्याकडे आहे.

मी तो नंबर वाचला. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. एक वाक्य होतं, काचा नाहीत, मी विकल्या. त्या रडल्या असत्या, मला शिव्या घातल्या असत्या, मी उठून गेले असते. त्याऐवजी मी म्हणाले, "बघते."

त्यांना काय आनंद झाला. सुनेला तेलुगूत काहीतरी सांगितलं, सून हसली, मला वाटीभर चिवडा आला. मग त्यांनी भिंतीवरच्या एका फोटोकडे बोट दाखवलं. फेटा बांधलेला माणूस, हार घातलेला. "ह्यो माजा नायना. न्हाय पन, नायना न्हाय. नायना गेला तवा त्याचा एक बी नीट फोटो नव्हता. तुझ्या अप्पानं माझ्या काकाला बसवलं, डोळे आत्याचे घेतले, आनि नायना करून दिला. नाक काकाचं हाय बघ." आणि त्या खो खो हसल्या.

यात खोटं काही नव्हतं. अप्पांचं ते नेहमीचं काम. गेलेल्या माणसाचा फोटो नसला की घरचे यायचे, कुणाचं कपाळ, कुणाची हनुवटी असं सांगायचे, आणि अप्पा ब्रश घेऊन बसायचे. घरचे बघायचे आणि म्हणायचे, हुबेहूब. दहाव्याला हार घालायला काहीतरी हवं असतं. मीही त्या दिवशी अक्कांबरोबर हसले, आणि त्यांचा फोटो काढला. मागे चादर, हातात तो पुठ्ठा. फार सुंदर आला. माझ्या सगळ्या फोटोंत तोच चांगला होता.

पुढे मी कधीही त्या गल्लीत गेले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "सापडली का गं?" मी म्हणायचे, माळ्यावर ढीग आहे अक्का, वेळ लागेल. कधी म्हणायचे, नंबर पुसट झालेत. एकदा तर हातावरचा ओरखडा दाखवला, काच लागली म्हणून. तो आमच्या मांजराचा होता. मला माझीच शिसारी येते आता, पण तेव्हा एक खोटं बोलले की दुसरं आपसूक यायचं, आणि अक्का तर इतक्या विश्वासाने मान हलवायच्या की खोटं बोलणं सोपं व्हायचं.

मग एके दिवशी गेले तर डोळ्यांना काळा चष्मा. मोतीबिंदूचं ऑपरेशन. मुलगा चार वर्षं मागे लागला होता, तेव्हा भीतीने नाही म्हणत होत्या.

"आता करून टाकलं," म्हणाल्या. "अम्मा दिसनार, मग नीट दिसायला नको व्हय?"

 घरी जाईपर्यंत मी ठरवलं होतं. आता सांगणं शक्य नाही. आता आई दिलीच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मी बसले. पुठ्ठ्यावरचा फोटो मी पहिल्याच भेटीत कॅमेऱ्यात टिपून घेतला होता. अक्कांचा चेहरा होताच. लेकीत आई असणारच, असा माझा हिशेब. सुरकुत्या काढल्या, गाल भरले, जबडा थोडा वर घेतला, केस काळे केले, कपाळावर मोठं कुंकू. उरलेल्या कानापासून रेघ जुळवली. जुन्या फोटोवर दिसतो तसा बारीक दाणा चढवला, कोपरे पिवळे केले. अप्पांना ब्रशने आठ दिवस लागले असते, माझं एका दुपारीत झालं. पडद्यावर एक तरुण बाई मांडीवर मुलगी घेऊन बसली होती आणि सरळ माझ्याकडे बघत होती. मला रडू आलं. खरं सांगायचं तर ते अक्कांसाठी नव्हतं, आपलंच काम इतकं झकास झालेलं बघून आलं होतं. चांगल्या कागदावर प्रिंट काढली, फ्रेम केली, आणि चार दिवस मुद्दाम थांबले, काच सापडायला तेवढे तरी लागतील म्हणून.

अक्का दारातच विड्या वळत होत्या. काळा चष्मा गेला होता. मी फ्रेम पिशवीतून काढली आणि म्हणाले, "सापडली."

अक्का उठल्या, आत मोरीत जाऊन साबणाने हात धुतले, दोनदा. तंबाखूचे हात. पदराला पुसून आल्या आणि मांडी घालून बसल्या. फ्रेम मांडीवर घेतली. आधी आईचा हात बघितला, तो तर ओळखीचा. मग मुलगी. मग हळूच नजर वर नेली.

पुष्कळ वेळ बघितलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आता रडतील, आता रडतील. त्यांनी अंगठा काचेवर ठेवला, डाव्या भुवईवर. पदराने तिथली काच पुसली. पुन्हा बघितलं. मग उठून फ्रेम घेऊन दारात उन्हाला गेल्या आणि तिथे तिरकी करून बघितली. सून काय झालं म्हणून आतून डोकावली.

अक्का परत येऊन बसल्या. "ही कोन हाय?"

"असं काय अक्का? तुमची आई."

"न्हाय."

"अहो, तुम्हीच मांडीवर..."

"मी हाय मांडीवर. ही कोन हाय विचारती मी." त्यांचा आवाज चढला नव्हता. लूमच्या आवाजात मला पुढे वाकून ऐकावं लागत होतं. "अम्मा ल्हान होती तवा मागाखाली खेळायची. धोटा उडून लागला. ही भुवई मधनं फाटली तिची, तितं पुन्ना केस आले न्हाईत. बोट ठेवलं तर मावायचं म्हने नायना. एवढंच म्हाईत हाय मला तिचं. दुसरं कायच म्हाईत न्हाय."

मला थांबायला हवं होतं. पण जीभ सवयीची झाली होती. म्हणाले, "अक्का, तेव्हा फोटोवाले असले डाग काचेवरच पेन्सिलीने झाकून टाकायचे. अप्पांनीच झाकला असेल."

"तुझा अप्पा झाकनारच हुता. अम्मानं झाकू दिलं न्हाय. म्हनली, फोटो गावाकडं जायाचा हाय, भुवई नीट केली तर माजी आई मला वळकायची न्हाय. नायना हसत सांगायचा, आख्ख्या स्टुडिओत भांडली म्हने." त्या माझ्याकडे बघत होत्या, नव्या स्वच्छ डोळ्यांनी. "मी तुला हे मुद्दाम सांगितलं न्हवतं. तुमी लोक तोंडं बनवता, ते घरातच टांगलंय की माज्या. म्हनलं, खरी काच आली तर भुवई दिसंलच. न्हाय आली तर न्हाय."



"ही मीच हाय न्हवं? माजंच तोंड हाय हे."

"हो," मी म्हणाले.

"मग काच?"

तेव्हा मी सांगितलं. सगळं, माळा, झेरॉक्सचं मशीन, एक्सरेवाला, टेम्पो. धुऊन काढतात तेही सांगितलं, का कोण जाणे, एकदा सुरू झाल्यावर थांबताच येईना. तुमचा नंबर त्यातच होता, अक्का, तुम्ही मला भेटायच्या कितीतरी आधी. मी पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. मला माफ करा. मी हे बोलत होते आणि रडत होते, आणि त्या रडत नव्हत्या, त्याची मला लाज वाटत होती.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "अम्मातनं किती निघाली चांदी?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. आईबद्दल ऐकायला मिळेल ती गोष्ट त्या आयुष्यभर गोळा करत आल्या होत्या, ही आणखी एक.

"चिमूटभरसुद्धा नाही, अक्का. एका काचेतून काय निघणार? जोडव्याला लावायलाही पुरत नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. सुनेला हाक मारून चहा ठेवायला सांगितला. मी नको म्हणाले तर म्हणाल्या, "आलीस तर पिऊन जा की." चहा आला. मी तो प्यायले. त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं, पान कापलं, तंबाखू भरली, विडी वळून तिचं तोंड मुडपलं. सहा-सात विड्या झाल्या. फ्रेम शेजारी जमिनीवर पालथी होती.

मग त्यांनी मान वर करून माझ्या खांद्यावरच्या कॅमेऱ्याकडे बघितलं. "त्यात मी हाय का अजून?"

"आहे. तुमचा तो चादरीपुढचा फोटो. अक्का, तो फार चांगला आलाय, प्रदर्शनात पहिलाच..."

"काढून टाक."

"अक्का..."

"माजं तोंड ठिवू नकोस तुज्याकडं. उद्या आनि कुनाला तरी आई म्हनून देशील."

मी कॅमेरा काढला, फोटो शोधला, त्यांना दाखवला. त्यांनी एकदा बघितला. पुठ्ठा छातीशी धरून उभ्या राहिलेल्या, तोंडभर हसणाऱ्या. मी तो पुसला. पडद्यावर पुढचा फोटो आला, दुसऱ्याच कुणाचा. "दुकानात बी असंल की," त्या म्हणाल्या. मी हो म्हणाले, आणि त्याच दिवशी जाऊन तोही पुसला. त्यांना काही कळणार नव्हतं, ठेवला असता तरी चाललं असतं. पण आतापर्यंत त्यांनी माझ्याकडे मागितलेल्या दोन गोष्टींतली ही एक तरी मला देता येण्यासारखी होती.

निघताना मी उंबऱ्यापर्यंत गेले तोच त्यांनी हाक मारली. मी वळले. वेड्यासारखी आशा वाटली मला, काहीतरी बोलतील, निदान शिवी देतील. त्या फ्रेम पुढे करून उभ्या होत्या.

"हे घिऊन जा. परक्या बाईला घरात कुटं ठिवू?"

अक्का मागच्या हिवाळ्यात गेल्या. मला त्यांच्या गल्लीतल्या दुसऱ्या कुणाकडून कळलं, महिन्याभराने. मी गेले नाही, कुठल्या तोंडाने जाणार? प्रदर्शनही केलं नाही. म्हाताऱ्यांचे फोटो ज्याच्या त्याच्या घरी पोचवले, काचेची भानगड नको म्हणून बिनफ्रेमचे.

ती फ्रेम मात्र माझ्याकडे आहे. फाडावी म्हणून दोनदा काढली. त्या बाईचा हात खरा आहे, तो फाडवत नाही. मांडीवर जी आहे ती अक्का, आणि जी मांडीवर घेऊन बसलीय तीही अक्काच. दोघी माझ्याकडे बघतात. आई तेवढी त्यात कुठे नाही.